आठ टाक्यांची सावली

लातूर
१७ मार्च २००३

चि. मुनीब,

तुझं नाव मी गेला आठवडाभर रोज वाचते आहे. पत्राखाली नव्हे, कारण पत्र तू लिहीतच नाहीस. माझ्या दारासमोर नरसिंग सरांची चार मजली इमारत उभी राहिली आहे. खाली क्लास, वर मुलींचं वसतिगृह. तिच्या पाटीवर जांभळ्या रंगावर पिवळ्या अक्षरांत लिहिलं आहे: ‘इंजिनिअर : मुनीब अब्दुल अजीज, नांदेड’. रंगांची निवड तुझी नसावी, अशी आशा करते. तुझ्या आईला सांग, होस्टेलपासूनच्या माझ्या रजियाचा मुलगा लातुरात टांगला गेला आहे.

या नरसिंगला तू आज ‘सर’ म्हणत असशील. देगलूरहून आला तेव्हा तो माझ्या वरच्या खोलीत भाड्याने राहायचा आणि त्याला रॉकेलचा स्टोव्ह पेटवता येत नव्हता. आता तो रसायनशास्त्राचा महर्षी आहे. बारावीचे निकाल लागले की त्याच्या दारात जत्रा भरते. (ती वरची खोली मी आता वापरत नाही.)

मी तीस वर्षं शाळेत शिकवलं, पण इमारतींतलं मला काही कळत नाही. एवढंच विचारते: मजबूत आहे ना? किल्लारीच्या भूकंपानंतर इकडे माणसांना एक खोड लागली आहे. औसा-निलंग्याकडचा बाप मुलीसाठी खोली बघायला येतो, तेव्हा पलंग नंतर पाहतो, आधी मान वर करून छत पाहतो. दहा वर्षं होत आली, खोड जात नाही. मलाही आहे. मग तुझं छत कसं आहे ते कळव.

फोन करू नकोस. फोनवर तू ‘हाव खाला, हाव खाला’ म्हणतोस आणि ठेवून देतोस. कागदावर नुसतं ‘हाव’ लिहून भागत नाही.

तुझी
उमाखाला


नांदेड
२६ मार्च २००३

उमाखाला यांना मुनीबचा सलाम.

रंग माझे नाहीत, खुदा की कसम. नरसिंग सर म्हणाले, जांभळा रंग लांबून दिसतो. दिसतो खरा.

आता छत. खाला, मी आयुष्यात जी काही चांगली कामं केली असतील, त्यांत हे एक धरा. सरांना खालच्या मोठ्या वर्गातला मधला खांब नको होता. म्हणाले, “इंजिनिअर साहेब, या खांबामागं बसणाऱ्या पोराला फळा दिसत न्हाई. त्याचे मार्क गेले तर तुम्ही देणार का?” मी म्हणालो, “सर, खांब गेला तर फळाही दिसणार नाही आणि सरही दिसणार नाहीत.” दोन आठवडे बोलणं बंद होतं. शेवटी खांब राहिला. आता त्यावर त्यांनी गुणवंतांचे फोटो लावलेत आणि पाहुण्यांना सांगून राहिलेत की खांब मुद्दाम ठेवला.

किल्लारीच्या वर्षी मी विष्णुपुरीच्या कॉलेजात होतो. आम्हा पोरांना ट्रकने मदतीला नेलं होतं. जाडजूड दगडी भिंती आणि वर हातभर मातीचं माळवद. डोक्यावरचं ओझं माणसाला मारतं, हे मी पुस्तकाच्या आधी तिथे शिकलो. म्हणून तुमच्या समोरच्या इमारतीतलं सगळं ओझं मी मोजलेलं आहे: भिंती, पलंग, मुली, मुलींच्या वह्या. मजबुतीच्या दाखल्यावर गेल्याच आठवड्यात सही केली. तुम्ही निश्चिंत झोपा.

सर खूश आहेत. आणखी तीन इमारती मलाच देणार म्हणाले. अम्मी अर्धापूरची केळी पाठवून राहिली आहे. एसटीत चेपली तर दोष माझा नाही, महामंडळाचा.

आपला
मुनीब


लातूर
९ मे २००३

चि. मुनीब,

केळ्यांचं शिकरण झालं. तसंही ते व्हायचंच होतं, महामंडळाने वेळ वाचवला.

आता तक्रार ऐक. मे महिना म्हणजे माझ्या कुरडया-सांडग्यांचा महिना. संध्याकाळचं ऊन तुझ्या इमारतीने खाल्लं, ते मी मोठ्या मनाने सोडलं. पण अक्षय्यतृतीयेला वसतिगृहाचं उद्घाटन झालं, सुट्टीतल्या क्लासच्या मुली राहायला आल्या आणि त्याच्या आदल्या दिवशी क्रेनने गच्चीवर टाक्या चढवल्या. काळ्या, गोल, प्रत्येक टाकी आमच्या कॉन्व्हेंटमधल्या मदर सुपीरियरच्या आकाराची. माझ्या बाजूच्या कठड्याला लागून आठही जणी ओळीने प्रार्थनेला उभ्या आहेत. त्यांची सावली बरोबर माझ्या चादरीवर पडते. निम्म्या कुरडया वाळल्या, निम्म्या नरम. त्या तळल्यावर फुलत नाहीत, कुजबुजतात.

पाण्याचा प्रश्न मला कळतो. इथे नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी येतं, तेही उपकार केल्यासारखं. एवढ्या मुलींना न्हायला-धुवायला लागणारच. टँकर येतो, मोटर घरघरते, टाक्या काठोकाठ भरतात. पण मुनीब, तू इंजिनिअर आहेस, टाक्या दुसऱ्या बाजूला ठेवायला सांगता आल्या नसत्या? एका म्हातारीचं ऊन वाचलं असतं. नरसिंगला सांगून बघ. माझं तो ऐकत नाही. भाडं थकल्यावर मी त्याला जे बोलले होते ते त्याच्या लक्षात आहे.

तुझी
उमाखाला


नांदेड
१३ मे २००३

खाला,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. टाक्या आठ आहेत हे नक्की? मोठ्या? आणि सगळ्या एकाच बाजूला, खोल्यांच्या वर? समोरच्या अंगणात जमिनीखाली हौद दिसतो का? झाकण, पाइप, काहीतरी?

माझ्या नकाशात अंगणात एका दिवसाच्या पाण्याचा हौद होता आणि गच्चीवर, जिन्याच्या डोक्यावर, फक्त दोन लहान टाक्या. एक मोठी टाकी भरली की दहा टन होते, खाला. दोन हत्ती. हत्ती निदान स्थिर उभा राहतो. जमीन हलली तर पाणी आत डुचमळतं आणि अख्खी इमारत ओढतं. उतरंड डोक्यावर घेऊन चालणारी बाई ठेचकाळावी, तसं.

कुणाला सांगू नका. आधी मला खात्री करू द्या.

मुनीब


लातूर
१६ मे २००३

चि. मुनीब,

म्हणजे माझ्या कुरडयांमुळे तुला कळलं! आणि मी बसले होते उन्हाचं रडत.

नुसती खिडकीतून बघून मी साक्ष देत नाही. न फुललेल्या कुरडयांचं ताट घेतलं, “मुलींसाठी खाऊ” म्हणाले आणि वॉचमनच्या नाकासमोरून चार मजले चढून गेले. अंगणात हौद नाही. तिथे मोटारसायकली आहेत. वॉचमन म्हणाला, “हौदाला खणाय घेतलं हुतं मॅडम, पर दोन हातावर काळा पाषाण लागला. सर म्हणले, राहू द्या, खर्च लई हाय, टाक्या वर चढवा.”

टाक्यांच्या बरोबर खाली पंचशीला नावाच्या मुलीची खोली आहे. औशाकडची आहे. वडिलांचं नाव सटवाजी. तिला म्हटलं, “काय गं, बरं आहे का इथे?”

“बरं हाय मॅडम. पाणी लई हाय. आमच्या गावात एवढं न्हाई.”

“आणि घर?”

“पत्र्याचं. आधी माळवदाचं हुतं. आजी त्यातच राहिली.” मग हसून म्हणाली, “बा म्हणतो, पत्रा पडला तर खरचटतं, माणूस मरत न्हाई.”

मी ताट तिच्या हातात दिलं. निघताना दार ओढलं, तर ते चौकटीत अडकलं. पंचशीला म्हणाली, “दोन दिस झालं असंच करून राहिलं. सर म्हणले, लाकूड फुगलं.”

मे महिन्यात लातुरात लाकूड फुगतं, हे रसायनशास्त्र मला नवीन आहे.

आता एक विचारते आणि रागावून विचारते. नरसिंगने हौद बुडवला, ते त्याचं पाप. पण एका दिवसाचा हौद आणि दोनच टाक्या पुरतील, हे तू कुठल्या हिशोबाने धरलंस? बांधकाम चालू असताना तू सहा वेळा माझ्याकडे आलास. दर वेळी दोन तांबे पाणी प्यालास, अंघोळ केलीस, दाढी करताना नळ सोडून ठेवलास. ते पाणी कुठून येतं, असं एकदाही मनात आलं नाही?

पाटीवर तुझं नाव आहे आणि त्या छताखाली पंचशीला. काय करणार आहेस?

उमाखाला


नांदेड
२१ मे २००३

प्रिय उमा,

तुझं मुनीबला आलेलं पत्र मी वाचलं. वाचायला नको होतं, पण पोरगा जेवत नसेल तर आई कपाट उघडते.

तू जरा दमाने घे. तो दिवसभर आकडे मांडून राहिला आहे. म्हणतो, “अम्मी, मी नळाला रोज पाणी येतं असं धरलं.” अगं, आम्ही गोदाकाठची माणसं. आमच्याकडे नळ सोडला की पाणी. पोराला तहानेचा हिशोब कसा यावा?

मुनीबने टाक्यांचं विचारल्यावर नरसिंग सरांचा फोन आला होता. ते म्हणाले, टाक्या इंजिनिअरच्या नकाशात नाहीत, म्हणजे इंजिनिअरवर काही येत नाही. तुम्ही गप्प बसा, उद्या काही झालं तर निस्तरायला मी आहे. मला हे पटलं. आणि ते बाकीच्या तीन इमारतींबद्दलही बोलले. उमा, मुनीबच्या अब्बांचं दुकान बंद झाल्यावर या घरात पहिल्यांदाच कुणीतरी स्थिरावून राहिलं आहे. तू तिकडून एक कागद लिहितेस आणि इकडे घर हलतं. भूकंप तरी सांगून येत नाही. तू तारीख टाकून येतेस.

तुझी
रजिया


लातूर
२५ मे २००३

प्रिय रजिया,

सिकंदराबादच्या होस्टेलमधला वरचा पलंग आठवतो? तो एकाच मुलीपुरता होता. आपण पाच जणी त्यावर बसून चिंचा खात होतो. मोडला. सिस्टर अॅग्नेसने विचारलं, तेव्हा तू डोळ्यांत पाणी आणून म्हणालीस, “सिस्टर, सुताराने कच्चं काम केलं.” मीही मान हलवली. बिचाऱ्या सुताराला बोलावून सगळ्यांसमोर झापलं. खाली झोपणारी ती लहान ग्रेस त्या वेळी चॅपेलमध्ये होती म्हणून वाचली, हे आपण दोघींनी कधीच बोलून दाखवलं नाही.

नरसिंग नेमकं तेच म्हणतो आहे: सुतार वेगळा, बसणाऱ्या वेगळ्या. खाली झोपणाऱ्या मुलीला त्याचं काय?

तुझा मुलगा जेवत नाही, याचा अर्थ त्याला ते कळलं आहे. माझ्यावर रागाव, पण त्याला अडवू नकोस. आणि त्याला खिचडी दे, मटण नको. काळजीत पचत नाही.

तुझी
उमा


नांदेड
४ जून २००३

खाला,

तुम्हाला न सांगता शनिवारी लातूरला येऊन गेलो. तुमच्या दारावरून गेलो, आत आलो नाही. तुम्हाला भेटलो असतो तर तुमच्या जोरावर बोललो असतो. मला माझ्या जोरावर बोलायचं होतं.

आधी पंचशीलाचं दार स्वतः ओढून पाहिलं. लाकूड फुगलेलं नाही. वरची तुळई वाकून राहिली आहे. सुताभर असेल, पण वाकली आहे.

सरांनी चहा मागवला. म्हणाले, “नकाशात टाक्या न्हाईत, मग तुम्हाला काय धाड भरली?” मी म्हणालो, “सर, नकाशात आठ दिवसांची तहानही नाही. ती चूक माझी. पोरींना पाणी लागणारच होतं. मी जागा दिली नाही म्हणून तुम्ही डोक्यावर ठेवलं.” ते म्हणाले, पाषाण फोडत बसलो तर जूनचे प्रवेश जातील, खर्च फीवर चढेल, गरिबाच्या पोरीला क्लास परवडणार नाही. खाला, हे खोटं नाही. मी एवढंच म्हणालो की स्वस्तात मिळालेलं छत पोरीच्या जिवावर महाग पडतं, आणि ती किंमत तिला कुणी विचारून घेतलेली नाही.

तिथेच बसून दोन पत्रं लिहिली, एक सरांना, एक नगरपालिकेला. मजबुतीचा दाखला मागे घेतला. कारणं दोन्ही लिहिली: त्यांनी चढवलेल्या टाक्या आणि मी चुकीचं धरलेलं पाणी. सर म्हणाले, “स्वतःच्या हातानं स्वतःचं नाव खराब करून राहिलात.” तीन इमारती गेल्या. अम्मी दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी खिचडी केली. आमच्याकडे खिचडी कुणी सुचवली, ते मला माहीत आहे.

आता दुसरी गोष्ट. टाक्या बघायला मी सरांच्या गच्चीवर चढलो होतो. तिथून तुमची गच्ची फार छान दिसते.

चादर दिसली. सांडगे दिसले. आणि तुम्ही वापरत नाही त्या वरच्या खोलीच्या डोक्यावर दोन काळ्या टाक्याही दिसल्या. तुम्ही खरंच ती खोली वापरत नाही. तीन मुली वापरतात. दोरीवर त्यांच्या ओढण्या वाळत होत्या. ती खोली एका विटेच्या भिंतीची आहे, खाला. नरसिंग सरांच्या इमारतीत निदान खांब तरी आहेत.

तुमच्याही नावाने नगरपालिकेला कळवू का? की आपण घरातल्या घरात मिटवायचं?

आपला
मुनीब


लातूर
२७ जुलै २००३

चि. मुनीब,

तुझ्या पत्रानंतर सात आठवडे मी रुसले होते, हे तुझ्या लक्षात यावं म्हणून लिहिलं नाही. आलं असेलच.

माझी बाजू ऐक आणि हसू नकोस. मुली भाड्याने ठेवल्या, कारण या गल्लीत खोली रिकामी ठेवणं म्हणजे अन्न फेकणं. टाक्या वर ठेवल्या, कारण सगळे ठेवतात. ‘सगळे ठेवतात’ हे उत्तर वर्गात मी कुणाही मुलीकडून चालवून घेतलं नव्हतं. तू कळवायच्या आत मी त्या उतरवल्या. आता त्या फाटकाच्या आत, तुळशीजवळ जमिनीवर बसल्या आहेत. पाणी बादलीने वर न्यावं लागतं. मुली मला बघून हसतात. हसू देत.

समोरचं असं झालं. तुझं नाव पाटीवरून चौथ्या दिवशी पुसलं आणि पाचव्या दिवशी तिथे दुसऱ्याचं आलं. रंग तेच, जांभळा-पिवळा. नगरपालिकेने तुझ्या पत्राचं काय केलं, ते देवाला ठाऊक. मी दोनदा गेले, दोन्हीदा साहेब दौऱ्यावर. मला वाटलं, संपलं.

मग प्रवेश सुरू झाले. गावोगावचे बाप मुलींना घेऊन आले आणि सावलीला माझ्या फाटकाशी टेकले. मी खुर्ची टाकून बसले होते. शपथ घेतली होती की नरसिंगबद्दल एक शब्द काढणार नाही, आणि ती मी पाळली. असं दुखणं मला आयुष्यात दुसरं झालं नाही. पण कुणीतरी विचारायचंच, “बाई, टाक्या खाली का ठेवल्या?”

मी म्हणायचे, “डोक्यावर नकोत म्हणून.”

एवढंच. मग तो माणूस मान वर करायचा. ती खोड तुला सांगितलीच होती. समोर आठ जणी उभ्याच होत्या. “त्याखाली पोरी झोपत्यात व्हय?” असं म्हणत आपसात बोलत निघून जायचे. काही जण प्रवेश घ्यायचे, पण खोली दुसरीकडे बघायचे.

पंधरा दिवसांनी नरसिंग स्वतः आला. दहा वर्षांनी माझ्या ओट्यावर बसला. “मॅडम, तुमच्या टाक्या वर चढवून घ्या. खर्च मी देतो.”

मी म्हटलं, “तू तुझ्या उतरव. खर्च मी देत नाही.”

उठून जाताना त्याने विचारलं, “तो नांदेडचा पोरगा अजून नवी कामं घेतो का?” मी सांगितलं की घेतो, पण हल्ली आधी पाणी किती दिवसांनी येतं ते विचारतो.

आज सकाळपासून समोरच्या अंगणात खडक फोडणारं यंत्र चालू आहे. माझ्या काचा थरथरतात, लोणच्याच्या बरण्या नाचतात, घरभर पांढरी धूळ आहे. मी अजून तक्रार केलेली नाही, पण स्वभाव आहे, सांगता येत नाही. पाच टाक्या उतरल्या. तीन अजून वर आहेत. हौद झाला की त्याही उतरतील, असं तो म्हणतो. मी मोजत बसले आहे. वरच्या मजल्याच्या मुली तोवर खालच्या वर्गात झोपतात. तुळईचं काय करायचं, ते विचारायला तो तुला पत्र लिहील. लगेच उत्तर देऊ नकोस. चार दिवस ‘हाव’ सुद्धा म्हणू नकोस. मग दे. तुझं नाव पाटीवर परत येणार नाही. रजियाला म्हणावं, रंग बघता ते बरंच आहे.

पंचशीला मात्र थांबली नाही. परवा तिचा बाप सटवाजी तिची ट्रंक घेऊन माझ्याकडे आला. मी वरच्या खोलीतला रिकामा पलंग दाखवला. तुझ्या पत्रानंतर मी त्या खोलीची भिंत पक्की करायला गवंडी लावला, हे मी त्याला सांगितलं नाही, तुलाही सांगणार नव्हते. तो दारात उभा राहिला. मान वर केली. गच्चीवर जाऊन खोलीच्या डोक्यावरही पाहून आला. मग पलंगावर बसला, टोपी काढली आणि म्हणाला, “बाई, तांब्याभर पाणी द्या.”

वर एक थेंब नव्हता. मी जिना उतरले, तुळशीजवळच्या टाकीतून तांब्या भरला आणि पुन्हा वर चढले. दोन्ही गुडघ्यांनी तुझ्या नावाने शिव्या घातल्या.

तुझी
उमाखाला

ता. क. सांडगे पाठवते. या वर्षीचे शेवटचे. पाच टाक्या उतरल्यावर पावसाने उघडीप दिली, तेव्हा पूर्ण उन्हात वाळलेले आहेत.